समुद्राला ‘सात’ नको, ‘बारा’ हवा

माझं आजोळ वसईच्या किनाऱ्यावरचं. लहानपणी मामाच्या होडीतून डोल काढायला जायचो, तेव्हा एका गोष्टीचं फार नवल वाटायचं. चहूकडे सारखंच मळकट पाणी आणि मामा मध्येच होडी थांबवून सांगायचा, आलो. कुठे आलो ते पाण्यावरून कळायचं नाही. मामाचं लक्ष किनाऱ्याकडे असायचं. एका बाजूला डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत यायला हवा, दुसऱ्या बाजूला ताडांचा एक जुना झुपका आणि चर्चचा मनोरा. या दोन रेषा जिथे मिळतात, तिथे आमची कव.

डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत गेलेली जाळ्याची लांबलचक पिशवी. ती माशांच्या मागे धावत नाही. ती एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा ओढा बोंबील, जवळा, करंदी, मांदेली तिच्यात आणून सोडतो. ती बांधण्यासाठी समुद्राच्या तळात खुंट रोवावे लागतात. खुंट रोवणं म्हणजे कव मारणं. काम खर्चाचं, जोखमीचं आणि एकट्याच्या हातचं मुळीच नाही. म्हणून कव घराण्याकडे चालत येते, गावाकडे राहते आणि कुणाची कव कुठे संपते हे शेजारच्या गावालाही ठाऊक असतं. डहाणूपासून उत्तनपर्यंतचा समुद्र असा वाटलेला आहे. आजोबांकडून नातवाकडे आलेली ही वाटणी कुठल्याही कागदावर नाही.

अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. नौकानयनाच्या नकाशांवर मुंबईच्या आसपासच्या समुद्रात मासेमारीचे खुंट दाखवलेले असतात. पण ते कशासाठी, तर जहाजांनी इथून जपून जावं म्हणून. बुडालेलं जहाज दाखवतात, पाण्याखालचा खडक दाखवतात, तसेच आमचे खुंट. सरकारी कागदावर कवेची नोंद आहे ती धोका म्हणून. हक्क म्हणून ती कुठेही नाही.

आता देशाच्या समुद्राचा आराखडा तयार करण्याची भाषा सुरू झाली आहे. सागरी क्षेत्र नियोजन असं त्याचं नाव. कुठे बंदर, कुठे जहाजांचा मार्ग, कुठे पवनचक्क्या, कुठे मासेमारी, कुठे प्रवाळांचं रक्षण हे आधी सगळं एका नकाशावर मांडायचं, एकमेकांशी भांडणारे वापर वेगळे करायचे, जुळणारे एकत्र ठेवायचे आणि मगच परवानग्या द्यायच्या. मला हा विचार मनापासून पटतो. म्हणूनच तो चुकीच्या टोकाने सुरू होऊ नये असं वाटतं.

आराखडा नसतो तेव्हा काय होतं ते पालघर जिल्ह्याच्या समुद्रात दिसतं. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ पासून तिथे आहे. नव्वदच्या दशकात डहाणूचं औष्णिक वीजकेंद्र आलं. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नळाने समुद्रात सोडलं जातं. पश्चिमेला, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय. तिथे १९७४ साली तेल लागलं आणि आता तिथल्या तेलाच्या फलाटांभोवतीच्या ५०० मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात मासेमारीच्या होड्यांना मज्जाव आहे. तेलशोधाचं सर्वेक्षण निघालं की ऐन हंगामात जाळी काढून घ्या असा निरोप येतो. त्यात आता वाढवण. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे आणि त्यासाठी लागणारी रेती दमणजवळच्या समुद्रतळातून काढायची आहे. जवळच मुरबे इथे आणखी एका बंदराचा प्रस्ताव आहे.

यातल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी परवानगी दिली किंवा देणार आहे. अणुऊर्जेचा विभाग वेगळा, तेलाचं मंत्रालय वेगळं, बंदराचं वेगळं, प्रदूषणाचं मंडळ वेगळं. प्रत्येक प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल आपल्या एकट्या प्रकल्पाचा परिणाम मोजतो आणि बहुतेक वेळा तो परिणाम आटोक्यात असल्याचा निष्कर्ष निघतो. वाढवणचा अहवाल वाढवणचा हिशेब मांडतो, मुरब्याचा मुरब्याचा. घोळ मासा मात्र त्या सगळ्यांतून पोहत जातो. सातपाटीच्या, धाकटी डहाणूच्या, वरोरच्या मच्छिमाराने विचारलं की या सगळ्यांची बेरीज केल्यावर माझ्या वाट्याला किती समुद्र उरला, तर त्याचं उत्तर देणारी एकही खुर्ची कुठल्याच कार्यालयात नाही. बंदर हवं की नको हा वाद बाजूला ठेवला तरी ही खुर्ची का नाही, हा प्रश्न उरतोच.

जगात ही पद्धत कशी आली ते पाहण्यासारखं आहे. प्रत्येक देशात ती वेगळ्या गरजेतून आली आणि त्या गरजेचा ठसा तिच्यावर कायमचा राहिला. ऑस्ट्रेलियात साठच्या दशकात ग्रेट बॅरियर रीफमधून चुनखडी काढायची, तेलासाठी विहिरी खणायच्या, असे बेत सुरू झाले. लोक उभे राहिले आणि १९७५ साली त्या प्रवाळ प्रदेशासाठी स्वतंत्र कायदा झाला. मग समुद्राचे पट्टे पाडले गेले: इथे सगळं चालेल, इथे फक्त गळ, इथे काहीच नाही. २००४ मध्ये फेरआखणी झाली. ज्या भागात काहीही पकडायचं नाही तो पाच टक्क्यांहूनही कमी होता, तो तेहेतीस टक्क्यांवर गेला. सुरुवात रक्षणातून झाली, म्हणून रक्षण हाच तिथल्या नकाशाचा पाया राहिला.

चीनची वाट याच्या अगदी उलट. तिथल्या समुद्रवापर कायद्याने, जो २००२ पासून अमलात आला, समुद्राचे तुकडे कामानुसार ठरवले आणि ते तुकडे वापरण्याचा हक्क नोंदवून, शुल्क घेऊन, मुदतीवर द्यायला सुरुवात केली. मत्स्यशेतीला १५ वर्षं, बंदराला ५० वर्षं. कुणाचं क्षेत्र कुठे याची भांडणं कमी झाली असतील, पण समुद्र भाडेपट्ट्याची जमीन झाला.

युरोपात उत्तर समुद्रातल्या गर्दीने हे काम करायला लावलं. बेल्जियमला किनारा किती, तर जेमतेम ६७ किलोमीटर. त्यासमोरच्या छोट्याशा पाण्यात पवनचक्क्या, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जहाजमार्गांपैकी एक, रेतीउपसा, समुद्रतळावरच्या तारा, नौदलाचा सराव, मासेमारी. २०१४ साली त्यांनी कायद्याने बंधनकारक आराखडा केला, दर सहा वर्षांनी तो पुन्हा तपासायचा असं ठरवलं आणि २०२० मध्ये खरोखरच नवा आणला. त्याच २०१४ साली युरोपीय संघाने सगळ्या किनारी सदस्य देशांना असे आराखडे करायला सांगितलं, मुदत दिली ३१ मार्च २०२१. कित्येकांना ती पाळता आली नाही. त्यात आश्चर्य नाही, कारण नकाशा काढणं हे त्यातलं सोपं काम आहे. अवघड असतं ते एका मंत्रालयाने दुसऱ्या मंत्रालयासमोर आपला हट्ट सोडणं.

आपल्याकडे ही कल्पना परदेशातून आली असा समज आहे. तो मला मान्य नाही. सत्तरच्या दशकात गोव्यात रांपणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध लढा उभारला. रांपण किंवा आपल्या सिंधुदुर्गातली रापण म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचं जाळं. ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन तळ खरवडून नेऊ लागले तेव्हा माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली हे लोक रस्त्यावर आले. त्यांची मागणी जागेची होती: किनाऱ्यालगतचा पट्टा आमच्यासाठी राखा. देशभर असे संघर्ष पेटले होते. १९७६ साली केंद्राने मजुमदार समिती नेमली, नमुना विधेयक तयार झालं, १९८० मध्ये गोवा आणि केरळ, १९८१ मध्ये महाराष्ट्र यांनी सागरी मासेमारी नियमन कायदे केले. महाराष्ट्रात पाच ते दहा वाव खोलीच्या आतलं पाणी ट्रॉलरना बंद झालं. वाव हे कोळ्यांचं माप, दोन हात पसरल्यावर होतं तेवढं. ज्या कायद्याने समुद्रात पहिली रेघ मारली ती मच्छिमारांच्या आंदोलनाने मारायला लावली होती, हे दिल्लीतल्या सादरीकरणांत कुठे तरी यायला हवं.

ती रेघ पुढे पुसट का झाली, तेही सर्वांना माहीत आहे. मालवणात पारंपरिक मच्छिमार आणि पर्ससीनवाले, म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला मोठ्या जाळ्याने घेरून पकडणारे, यांच्यात पाण्यात मारामाऱ्या झाल्या. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनची संख्या, हंगाम, क्षेत्र यांवर बंधनं घातली. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी रात्री मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर ते पांढरे दिवे दिसतात. गस्तीची नौका कमी, माणसं कमी आणि १२ सागरी मैलांच्या पलीकडे गेलं की राज्याचा हात पोहोचत नाही.

हे १२ मैलांचं प्रकरण जरा नीट सांगायला हवं, कारण सगळी गाठ तिथे आहे. त्या पट्ट्यातली मासेमारी राज्याची, त्याबाहेरची केंद्राची. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ प्रमाणे पाण्याखालची जमीन आणि खनिजं अगदी किनाऱ्यापासून केंद्राची. मोठी बंदरं केंद्राची, लहान बंदरं राज्याच्या सागरी मंडळाची. भरतीरेषेजवळची बांधकामं १९९१ पासून किनारा नियमन अधिसूचनेखाली. म्हणजे एकाच जागी वरचा मासा एकाचा, खालची रेती दुसऱ्याची आणि काठावरची जेटी तिसऱ्याची. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने समुद्रतळातल्या खनिजांच्या १३ पट्ट्यांचा लिलाव जाहीर केला, त्यात केरळच्या कोल्लमसमोरची रेती होती. ते केरळच्या मच्छिमारांचं समृद्ध क्षेत्र. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथला किनारा बंद ठेवून लोकांनी विरोध केला. रेतीचा निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर माशाचा नकाशा नव्हता, असला तरी बघण्याचं बंधन नव्हतं.

उलट बाजूने आंग्रिया बँक पाहा. विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात प्रवाळांचं हे विस्तीर्ण पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. ते वाचवायचं तर वन्यजीव कायदा लागू होत नाही, कारण तो १२ मैलांपर्यंतच चालतो. त्यासाठी १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याचा आधार घ्यावा लागतो आणि तो अधिकार केंद्राचा. आणि जिथे वन्यजीव कायदा लागू होतो त्या मालवणच्या सागरी अभयारण्याची कथा वेगळ्या अर्थाने दुःखाची. १९८७ मध्ये २९ चौरस किलोमीटरवर ते जाहीर झालं, पण ज्यांचं पोट त्या पाण्यावर, त्यांना विश्वासात घेतलं गेलं नाही. लोकांनी विरोध केला आणि पुढची अनेक वर्षं ते मुख्यतः कागदावर राहिलं. प्रवाळ वाचवायचे असं मालवणातल्या मच्छिमारालाही वाटतं. त्याला विचारून रेघ मारली असती, तर तिचा राखणदार तोच झाला असता.

राष्ट्रीय पातळीवर आज जे काम चालू आहे त्याची सुरुवात २०१९ च्या भारत-नॉर्वे करारानंतर झाली. पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप ही दोन ठिकाणं प्रायोगिक म्हणून निवडली गेली, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखालचं राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्र ते काम पाहतं. २०२१ च्या नील अर्थव्यवस्था धोरणाच्या मसुद्यात सागरी क्षेत्र नियोजनाला प्राधान्याच्या विषयांत जागा मिळाली. जून २०२५ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे झालेल्या महासागर परिषदेत ‘सहव’ या नावाचं पोर्टल भारताने सादर केलं, ज्यावर समुद्राविषयीची माहिती थरांवर थर ठेवून पाहता येते. शास्त्रज्ञांनी कष्टाने केलेलं हे काम आहे आणि त्याचं स्वागत करायला हवं.

पण पोर्टल म्हणजे कायदा नाही. दक्षिण आफ्रिकेने २०१८ मध्ये सागरी नियोजनाचा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. उद्या आराखड्यात एखादं क्षेत्र माशांच्या विणीचं म्हणून रंगवलं आणि परवा तिथे दुसऱ्या मंत्रालयाने रेतीचा पट्टा काढला, तर आराखड्याला न्यायालयात काय किंमत राहील?

नॉर्वेकडून शिकायचं तर तंत्राखेरीज आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या देशाची श्रीमंती तेलावर उभी आहे. तरी २००६ साली बॅरेंट्स समुद्र आणि लोफोटेनचा आराखडा झाला तेव्हापासून लोफोटेन बेटांजवळचा समुद्र तेलविहिरींसाठी बंद ठेवला गेला आहे. तिथे कॉड मासा अंडी घालायला येतो, शेकडो वर्षं लोक त्या हंगामावर जगले आहेत. सरकारं बदलली, तेल कंपन्यांनी पुन्हा पुन्हा मागणी केली, पण ते पाणी बंदच राहिलं. नियोजनाची परीक्षा अशा ठिकाणी होते, जिथे नकाशा पैशाला नाही म्हणतो. आपल्या किनाऱ्यावर असं नाही म्हणण्याची एक तरी जागा आराखड्यात निघणार का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

मच्छिमार संघटनांमधले अनेक जण या सगळ्याकडे संशयाने पाहतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: जमिनीची मोजणी झाली की विक्री सुरू होते. आज समुद्र मोजला जात नाही म्हणून तो विकलाही जात नाही. नकाशा आला की पट्टे येतील, पट्टे आले की कुंपणं. कोळीवाड्यांच्या जमिनीचं काय झालं हे त्यांनी पाहिलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहतात त्या घरांची मालमत्ता पत्रकं अनेकांकडे आजही नाहीत, बोंबील वाळवायच्या मोकळ्या जागा सरकारी पडीक म्हणून दाखवल्या गेल्या. हा संशय अनुभवातून आलेला आहे.

मराठी माणसाला कळेल अशा शब्दांत सांगतो. शेतकऱ्याचा सातबारा म्हणजे दोन नमुने एका कागदावर. गाव नमुना सात सांगतो की जमीन कुणाची, तिच्यावर बोजा कुणाचा. गाव नमुना बारा सांगतो की त्या जमिनीत यंदा कुठल्या हंगामात काय पिकलं, किती क्षेत्रात, कुठल्या पाण्यावर. सात बदलायला फेरफार लागतो, बारा दर हंगामाला नव्याने भरला जातो. मच्छिमारांची भीती समुद्राच्या ‘सात’ची आहे आणि ती रास्त आहे. समुद्राचा मालक ठरवणारा नमुना कुणालाच नको. चीनने तो केला, आपण करू नये.

पण ‘बारा’ नसेल, तर कव कधीच दिसणार नाही. कुठल्या हंगामात, किती वावांत, कुठल्या जाळ्याने, कुठल्या गावचे लोक काय पकडतात. घोळ कधी येतो, बोंबील कुठून सरकतो, कुठे विणीसाठी थांबतो. जहाजं कुठून जातात, नळ कुठे पुरलेत, सांडपाणी कुठे सुटतं. हा पीकपाहणीचा कागद समुद्राला हवा आणि तो दरवर्षी भरला जायला हवा. २०२१ पासून शेतकरी आपली पीकपाहणी मोबाईलवर स्वतः नोंदवतो. मग मच्छिमार सोसायटीला आपल्या हंगामाची नोंद करता येणार नाही असं कुणी म्हणू नये. आणि सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो, कुळाचा, वाटेचा, विहिरीच्या पाण्याचा हक्क त्यात लिहिला जातो. मालकी न देताही हक्क नोंदवता येतो हे आपल्या महसूल खात्याला फार जुन्या काळापासून माहीत आहे. कव त्या रकान्यात बसते.

नोंद नसेल तर काय होतं, ते वरळीत दिसलं. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या पुलाचे खांब क्लीव्हलंड बंदराच्या तोंडाशी आले. कोळीवाड्यातल्या होड्यांची ती रोजची वाट. मूळ आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. वारा आणि लाट एकदम आली की एवढ्या फटीतून होडी काढणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, हे मच्छिमार सांगत होते, १६० मीटर मागत होते. निवेदनं झाली, समुद्रात होड्या उभ्या करून काम थांबवलं गेलं. अखेर २०२२ च्या शेवटी सरकारने एक खांब रद्द करून अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं. कोळ्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा एका नकाशावर आधीच असत्या, तर हा प्रश्न आखणीच्या पहिल्या आठवड्यात सुटला असता. एक खांब काढून घेण्यासाठी लोकांना आपला धंदा सोडून इतके दिवस पाण्यात उभं राहावं लागलं.

कवेची परंपरा मी निर्दोष मानत नाही. पालघर-डहाणूकडची गावं आणि वसई-उत्तनकडची गावं यांच्यात कवेच्या हद्दीवरून वर्षानुवर्षं वाद आहे. मासा कमी झाला, यांत्रिक होड्या लांब जाऊ लागल्या, तशा कवी एकमेकींवर चढू लागल्या. बैठका होतात, समित्या बसतात, पुढच्या हंगामात पुन्हा तेच. गावकीच्या शब्दाला पूर्वी जे वजन होतं ते आज नाही, आणि त्या गावकीत मासळी विकणाऱ्या बायकांना बोलायची जागा कधीच नव्हती. बाजार त्यांच्या डोक्यावरच्या पाटीवर चालतो. कुठला मासा किती वर्षांत नाहीसा झाला हे त्यांच्याइतकं कुणालाच नेमकं सांगता येणार नाही. म्हणून परंपरा जशीच्या तशी नकाशावर उतरवा असं मी म्हणत नाही. तिला पुरावा म्हणून मान्यता द्या, तिच्यातले वाद उघड्यावर सोडवा आणि तिच्यात ज्यांना जागा नव्हती त्यांना जागा द्या.

याची रीत आपल्याच राज्यात तयार आहे. वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्या कायद्याच्या नियमांत हक्काचा पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो. मग सातपाटीच्या म्हाताऱ्या तांडेलाचा, होडीच्या म्होरक्याचा, जबाब का चालू नये? जंगलात ग्रामसभा हद्द सांगते, शेजारच्या गावाला बोलावून ती पक्की करते, हरकती ऐकते. समुद्रात झाडं-दगडांच्या खुणा नाहीत, पण डोंगर-देवळाच्या रेषा आहेत आणि आता जीपीएसही आहे. दक्षिण आफ्रिकेत २०२१ मध्ये वाइल्ड कोस्टच्या लोकांनी तेलशोधाचं सर्वेक्षण न्यायालयातून थांबवलं, पुढच्या वर्षी ते बेकायदा ठरलं. त्या निकालात या लोकांचे मासेमारीचे रूढ हक्क आणि समुद्राशी असलेलं त्यांचं श्रद्धेचं नातं, दोन्ही मानलं गेलं. वाढवणच्या लोकांना शंखोदर या आपल्या श्रद्धास्थानाविषयी हेच सांगायचं आहे.

एक अडचण मात्र खरी आहे आणि कुठलंही पोर्टल ती सोडवणार नाही. चांगली जागा मच्छिमार सांगत नाही. सांगितली की दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्याची होडी असते, उद्या एलईडीवाला असेल. सरकारच्या संकेतस्थळावर घोळीच्या जागांचे अक्षांश-रेखांश दिसले, तर कुणीही शहाणा तांडेल पुन्हा तोंड उघडणार नाही. तेव्हा बारीक माहिती सोसायटीकडे राहावी, नकाशावर मोठे चौकोन यावेत आणि एखादा प्रकल्प त्या चौकोनात शिरला की सोसायटीला विचारणं कायद्याने भाग असावं. माहिती देणाऱ्याच्या हातात तिची किल्ली राहिली तरच ती खरी मिळेल.

दुसरी अडचण समुद्राच्या स्वभावाची. अरबी समुद्र तापतो आहे. २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते आपण सोसलं. मासा आपली जागा आणि वेळ बदलतो. ग्रेट बॅरियर रीफचा एवढा काळजीने आखलेला नकाशा २०१६ पासून पुन्हा पुन्हा येणाऱ्या उष्णतेच्या लाटांत प्रवाळांना पांढरं पडण्यापासून वाचवू शकला नाही. पन्नास वर्षांचे पट्टे देऊन टाकले, तर मासा सरकला तरी रेघ सरकत नाही. दरवर्षी भरायचा आणि दर पाच-सहा वर्षांनी सगळा उलगडून तपासायचा ‘बारा’ हे यावरचं जमेल तेवढं उत्तर आहे.

माझी मागणी एवढीच की राष्ट्रीय आराखड्याला कायदा द्या आणि त्या कायद्यात मासेमारीच्या थराला सगळ्यांत पहिला मान द्या. आज पद्धत अशी की बंदर, तेल, नौदल, जहाजमार्ग यांचे थर आधी येतात, कारण त्यांच्याकडे कागद तयार असतात, आणि उरलेल्या निळ्या जागेला मासेमारीचं क्षेत्र म्हणतात. हा क्रम उलटा करा. महाराष्ट्रात २०१० च्या गणनेप्रमाणे समुद्रावर जगणारी ४५६ गावं आहेत, पावणेचार लाखांहून जास्त माणसं. गावागावांत जाऊन मराठीत मसुदा वाचून दाखवा, हरकती मराठीत घ्या, आराखडा मंजूर करणाऱ्या मंडळात मच्छिमार सोसायट्यांना मत द्या. आणि एका प्रकल्पाचा अहवाल मंजूर करण्यापूर्वी त्या पाण्यातल्या सगळ्या वापरांची बेरीज मांडायचं बंधन घाला.

पुदुच्चेरीनंतर पुढचं प्रायोगिक ठिकाण कुठलं, असं कुणी विचारलं तर मी पालघर सांगेन. सगळे वापर तिथे एकत्र आहेत, सगळी भांडणंही तिथेच आहेत आणि भराव पूर्ण होण्याआधी तिथला समुद्र नोंदवून ठेवायला हाताशी फार वेळ नाही. गावात जायचं ते भांगाच्या दिवसांत जा. अष्टमीच्या आसपास ओढा मंदावतो, डोलीत मासा भरत नाही, होड्या किनाऱ्याला असतात. तांडेल जाळी विणत, दोर बदलत बसलेले असतात. नकाशा जमिनीवर पसरा आणि त्यांना विचारा की कुठला डोंगर कुठल्या देवळामागे लपला की आपली कव येते. पौर्णिमेच्या उधाणाच्या आत हे विचारून घ्यावं लागेल. एकदा ओढा सुरू झाला की तुमच्यासाठी कुणी किनाऱ्यावर थांबणार नाही.